मुलगा सियाचीनला चाललाय: घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत दोनदा सियाचीनवर राहून आलो. त्यामुळे ओळखीत, पाहुण्यांत कुणाची पल्टन तिकडे निघाली की फोन माझ्याकडे येतो. आई जेवणाचं विचारते, वडील गोळीबाराचं विचारतात आणि बायको फोन लागेल का ते विचारते. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदा नीट लिहून ठेवावेत असं वाटलं. पोस्ट नक्की कुठे आहेत, नफरी (म्हणजे माणसांची संख्या) किती, हत्यारं कोणती, यातलं काही इथे मिळणार नाही आणि कुणी ते विचारूही नये.

सियाचीन म्हणजे नेमकं कुठे? एवढ्या उंचीवर माणसं ठेवायची गरज काय?

लडाखच्या उत्तरेला, पूर्व काराकोरममध्ये, सुमारे ७६ किलोमीटर लांबीची ही हिमनदी आहे. फौजेत हिमनदी कुणी म्हणत नाही, 'ग्लेशियर' म्हणतात. लेहहून खार्दुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरायचं. नुब्रा नदी जिथे बर्फाच्या तोंडातून बाहेर पडते तिथे बेस कॅम्प आहे, साधारण १२,००० फुटांवर. बहुतेक लढाऊ पोस्ट ग्लेशियरच्या पश्चिमेला साल्तोरो रांगेवर आहेत आणि त्यातल्या काही २०,००० फुटांच्याही वर.

१९७२ साली नियंत्रण रेषा नकाशावर आखली गेली ती एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत. त्याच्या पुढच्या बर्फात माणूस राहील असं कुणाला वाटलंच नव्हतं, म्हणून पुढे रेषा काढलीच नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही देशांची नजर तिथे गेली. १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झालं, आपले जवान बिलाफोंड ला खिंडीत उतरले आणि नंतर सिया ला ही खिंडसुद्धा ताब्यात घेतली. तेव्हापासून तिथला पहारा एक दिवसही सुटलेला नाही. उंचीवरची जागा एकदा सोडली तर खालून चढून परत घ्यायला किती जीव जातील, हे तिथे पोहोचलेल्या कुठल्याही शिपायाला पहिल्याच दिवशी कळतं.

उद्या हुकूम आला की परवा थेट वर पाठवतात का?

नाही. घरच्यांच्या जिवाला सगळ्यात जास्त धीर देणारं उत्तर हेच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी शरीराला उंचीची सवय लावतात. हे तीन टप्प्यांत होतं. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर चार दिवस आणि त्याच्या वर पुन्हा चार दिवस. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती असते. तरण्या पोराला ते पटत नाही. 'मी ठणठणीत आहे, मला का झोपवून ठेवलंय?' असं त्याला वाटतं. पण आत रक्त बदलत असतं, श्वासाची लय बदलत असते, आणि त्या कामाला घाई चालत नाही. गावाकडे रोज दहा किलोमीटर पळणारा पोरगासुद्धा यातून सुटत नाही. उलट तोच जास्त धोक्यात असतो, कारण दम लागला तरी तो थांबत नाही.

बेस कॅम्पला सियाचीन बॅटल स्कूल आहे. तिथे काही आठवडे प्रशिक्षण होतं. बर्फाच्या उभ्या भिंतीवर चढणं, दोराला बांधून चालणं, भेगेवर शिडी टाकून पलीकडे जाणं, भेगेत पडलेल्याला वर काढणं, बर्फाखाली गाडलेल्याला शोधणं हे सगळं शिकवतात. डॉक्टर तपासतात. ज्याचं शरीर साथ देत नाही त्याला वर पाठवत नाहीत. असं कुणाच्या बाबतीत झालं तर घरच्यांनी ते कमीपणाचं समजू नये. ते शरीराच्या घडणीवर असतं, हिमतीवर नाही.

वर निघण्याआधी तुकडी ओपी बाबाच्या मंदिरात जाते. ओमप्रकाश नावाच्या एका जवानाने एकट्याने पोस्ट राखली आणि नंतर तो दिसेनासा झाला, अशी कथा सांगतात. तो अजून पहाऱ्यावर आहे आणि धोक्याची सूचना स्वप्नात येऊन देतो, असं फौजी मानतात. जाताना बाबाला रिपोर्ट द्यायचा: अमुक पार्टी, इतकी माणसं, वर चाललो. परत आल्यावर पुन्हा रिपोर्ट द्यायचा. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिश्चन सगळेच देतात. मीही दिला, आणि तेव्हा छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं होतं.

वर किती दिवस राहावं लागतं?

एका पोस्टवर साधारण तीन महिने. पल्टनीचा ग्लेशियरवरचा एकूण काळ त्याहून लांब असतो, पण माणसं आळीपाळीने वर-खाली होत राहतात. हवामान बिघडलं तर बदली पार्टी वेळेवर पोहोचत नाही आणि तीन महिन्यांचे साडेतीन होतात. म्हणून घरी तारीख मोजत बसू नका. तो स्वतःही 'अमुक तारखेला उतरणार' असं सांगायचं टाळेल.

पोस्टवर दिवस कसा जातो?

लोकांना वाटतं, दिवसभर बंदूक रोखून शत्रूकडे बघत उभं राहायचं. पहारा तर असतोच, दिवसरात्र. पण दिवसाचा मोठा भाग जिवंत राहण्याच्या कामात जातो.

पहाटे उजेड फुटायच्या आधी 'स्टँड टू' असतं, म्हणजे सगळे आपापल्या जागेवर तयार. ते संपलं की स्टोव्ह पेटतो आणि बर्फ वितळवायला लागतात. वर पाणी नावाची गोष्ट नाही. प्यायला, शिजवायला, भांडी विसळायला सगळं बर्फापासून, आणि बर्फ केरोसीनवर वितळवायचा. पातेलंभर बर्फाचं पाणी जेमतेम तळाला राहतं. एक माणूस जवळजवळ याच कामाला लागलेला असतो.

मग फावडं. रात्री बर्फ पडला असेल तर हटच्या (राहत्या खोपटाच्या) दारातून, छतावरून, पहाऱ्याच्या जागेवरून, हेलिपॅडवरून तो काढायचा. सियाचीनला वर्षाला पस्तीस फुटांहून जास्त बर्फ पडतो. दोन दिवस हात लावला नाही तर राहती जागा गाडली जाते. खाली जे फावडं तुम्ही अर्धा तास सहज चालवता, ते तिथे दहा वेळा मारलं की थांबून श्वास घ्यावा लागतो.

हत्यार रोज साफ करायचं. ते हटच्या उबेत आणलं तर त्यावर दव धरतं आणि बाहेर नेताच गोठून जाम होतं, म्हणून ते थंडीतच ठेवतात. उघड्या हाताने धातूला शिवायचं नाही. कातडी चिकटते आणि ओढली की सोलून येते. हे सांगून कुणालाच पटत नाही, प्रत्येक जण एकदा शिकतो.

ठरलेल्या दिवशी 'लिंक' असते. दोन पोस्टच्या मधल्या ठिकाणी दोन्हीकडची माणसं येतात, रेशन, केरोसीन, टपाल देतात-घेतात. ही चाल बहुतेक रात्री किंवा भल्या पहाटे होते, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि भेगांवरचे पूल तुटतात. पाच-सहा जण एका दोराला बांधलेले असतात. पुढचा आइस ॲक्सने बर्फ चाचपत पाऊल टाकतो, बाकीचे त्याच्याच पावलात पाऊल ठेवतात. सामान वाहायला नुब्रा खोऱ्यातल्या गावांतले पोर्टर असतात. लडाखच्या या पोरांचं नाव क्वचितच कुठे येतं, पण त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याशिवाय एकही पोस्ट चालत नाही.

संध्याकाळी पुन्हा स्टँड टू, मग जेवण, मग रात्रीचा पहारा आळीपाळीने. थंडी फार असली तर पहाऱ्याची पाळी छोटी करतात. रिकामा वेळ मिळाला तर पत्ते, लुडो, रेडिओ, आणि घरच्या गोष्टी. तीन महिन्यांत आपल्या बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, चुलत्याच्या म्हशीचं नावसुद्धा पाठ होतं.

राहायला काय असतं? तंबू?

पूर्वी आर्क्टिक तंबू जास्त होते. आता बऱ्याच ठिकाणी फायबरच्या हट आणि इग्लू आहेत. आत केरोसीनवर चालणारी शेगडी असते आणि काजळी इतकी धरते की थुंकी काळी येते. खाली आल्यावरसुद्धा कित्येक दिवस तशीच येते. घरी आलेल्या मुलाची काळी थुंकी पाहून घाबरू नका, मात्र खोकला राहिला तर फौजी दवाखान्यात दाखवायला लावा. बंद हटमध्ये शेगडीचा विषारी वायू साठू शकतो, म्हणून हवेची वाट मोकळी आहे का हे रात्री पहारेवाला बघतो.

जेवणाचं काय? तो आधीच बारीक आहे.

रेशन कमी पडत नाही. सुका मेवा, चॉकलेट, डबाबंद फळं, डबाबंद भाज्या, दूध पावडर, सूप हे सगळं भरपूर असतं. अडचण वेगळी आहे. उंचीवर भूकच लागत नाही. जिभेला चव राहत नाही आणि समोर काहीही ठेवलं तरी नको वाटतं.

अंडं दगडासारखं होतं. संत्रं आणि टोमॅटो चेंडूसारखे टणक होतात, ते आधी गरम पाण्यात सोडावे लागतात. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे पाणी ८० अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ-तांदूळ प्रेशर कुकरशिवाय शिजतच नाहीत. कुकरमध्येसुद्धा खालच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून लंगरवाल्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, पोस्टवर फार मान असतो. चांगला लंगरवाला माणसाला पोटात चार घास ढकलायला लावतो.

पोस्ट कमांडर जेवणाला हजेरीसारखं धरतात. कोण जेवलं नाही, कोण पाणी पीत नाही, हे बघितलं जातं. तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर अंगातलं पाणी जातं, म्हणून दिवसाला चार-पाच लिटर पाणी, चहा, सूप पोटात जायला हवं. एवढं करूनही वजन उतरतं. तो उतरून आला की गाल बसलेले दिसतील. ते बहुतेकांचं होतं आणि भरून येतं.

आंघोळ, दाढी, शौच कसं होतं?

उंच पोस्टवर आंघोळ नाही. संपूर्ण मुक्कामात नाही. ओल्या टॉवेलने अंग पुसणं हीच आंघोळ. दाढी बहुतेक जण वाढू देतात. टूथपेस्टची ट्यूब आधी खिशात ठेवून मऊ करावी लागते. शौचाला बाहेर जायचं तर वादळात दोर धरून, आणि बडीला सांगितल्याशिवाय नाही. कितीही लाज वाटली तरी हा नियम मोडत नाहीत, कारण हटपासून वीस पावलांवर माणूस हरवू शकतो.

पाय मात्र रोज तपासले जातात. मोजे बदलायचे, बोटं कोरडी करायची, बडीला दाखवायची. बडी म्हणजे जोडीदार. प्रत्येकाला एक असतो आणि त्याच्या पायांची, चेहऱ्याच्या रंगाची, बोलण्याची जबाबदारी तुमची असते.

थंडी किती असते? हातपाय गळून पडतात असं ऐकलं.

हिवाळ्यात उणे ५० अंशांपर्यंत आणि कधी त्याखालीही जाते. वारा त्यात भर घालतो. कपडे चांगले मिळतात: अंगालगतचा थर, त्यावर लोकर, त्यावर पिसांचं जाकीट, वर वारा अडवणारा थर, आणि आत मऊ व बाहेर कडक असे दुहेरी बूट. तरीही चूक होते ती घामामुळे. काम करताना अंग तापतं, माणूस जाकीट न काढता तसाच राबतो, कपडे आतून ओले होतात, आणि थांबल्यावर तोच घाम गोठतो. काम सुरू करण्याआधी एक थर काढणं आणि थांबताक्षणी परत चढवणं ही सवय ज्याने लावून घेतली त्याची बोटं सहसा शाबूत राहतात.

हिमदंशात आधी बोट पांढरं आणि बधिर होतं. दुखत नाही, म्हणूनच फसवतं. ते बर्फाने चोळायचं नाही, शेगडीजवळ धरायचं नाही. शरीराच्या उबेइतक्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं. वेळेत सांगितलं तर बोट वाचतं. लपवलं तर काळं पडतं आणि कापावं लागतं.

डोळ्यांना गॉगल कायम. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परत फिरतो. ढगाळ दिवशी गॉगल काढणाऱ्यांना रात्री डोळ्यांत वाळू टोचल्यासारखं होतं आणि दोन-तीन दिवस डोळे उघडत नाहीत.

विरळ हवेमुळे नक्की काय होतं? 'हॅपो' म्हणजे काय?

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांना होतं. हॅपो वेगळा. त्यात फुप्फुसात पाणी उतरतं. आधी कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, ओठ निळसर, आणि शेवटी गुलाबी फेस. काही तासांत माणूस जाऊ शकतो. दुसरा प्रकार मेंदूला सूज येण्याचा. माणूस अडखळत चालतो, असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा वागतो. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगतात. जमलं नाही तर समजायचं.

यावर खरा उपाय एकच, खाली उतरवणं. तोपर्यंत प्राणवायू, औषधं आणि हॅपो बॅग. ही माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी असते. आजाऱ्याला तीत झोपवून बाहेरून हवा भरतात, म्हणजे आतला दाब वाढतो आणि शरीराला काही हजार फूट खाली आल्यासारखं वाटतं. वादळात हेलिकॉप्टर येऊ शकत नाही तेव्हा साथीदार रात्रभर पाळीने पंप मारत बसतात. १९,००० फुटांवर पंप मारणं म्हणजे स्वतःचा श्वास दुसऱ्याला देण्यासारखंच आहे. मी एकदा मारलाय. सकाळी आकाश उघडलं आणि तो पोरगा खाली गेला. आज त्याला दोन मुली आहेत.

झोपेतली एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पहिल्यांदा ती ऐकून मी भ्यालो होतो. शेजारी झोपलेल्याचा श्वास मध्येच काही सेकंद थांबतो, मग तो जोरात श्वास ओढतो, पुन्हा थांबतो. उंचीवर हे नेहमीचं आहे. त्या काळात मी अनेक रात्री बडीच्या छातीकडे बघत जागा राहिलो.

घरच्यांनी एक करा. तो निघण्याआधी त्याला शपथ घाला की दुखणं लपवणार नाही. 'साथीदारांवर भार नको' म्हणून गप्प बसणारी चांगली पोरंच यात सापडतात.

गोळीबार होतो का?

नोव्हेंबर २००३ पासून तिथे युद्धबंदी आहे आणि ती बऱ्यापैकी टिकली आहे. त्याआधी गोळीबार, तोफा सगळं होतं. जून १९८७ मध्ये नायब सुभेदार बाना सिंग यांनी बर्फाच्या उभ्या कड्यावरून चढून २१,००० फुटांवरची शत्रूची 'कायद' पोस्ट घेतली. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ती पोस्ट आज बाना पोस्ट म्हणून ओळखली जाते.

१९८४ पासून सियाचीनवर आपले आठशेहून जास्त जवान गेले. त्यातले बहुसंख्य हवामानाने, उंचीने आणि हिमस्खलनाने गेले. वडील मंडळी गोळीबाराचं विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो: काळजी करायचीच असेल तर बर्फाची करा.

हिमस्खलन झालं तर?

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम पोस्टवर, १९,६०० फुटांवर, बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि १० जवान गाडले गेले. शोधपथकांनी आणि कुत्र्यांनी दिवस-रात्र खणलं. सहा दिवसांनी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. बाकीचे नऊ जण वाचले नाहीत. बर्फ बाजू बघत नाही. ७ एप्रिल २०१२ रोजी पलीकडच्या गयारीत पाकिस्तानची १४० माणसं अशीच गाडली गेली.

आता हिमस्खलनाचा अंदाज रोज पोस्टला कळवतात आणि धोक्याच्या दिवशी हालचाल बंद ठेवतात. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं छोटं यंत्र असतं, गाडला गेला तर त्याच्यावरून शोधता येतं. गळ्यात ओळखपट्टी असते, ती कधीच काढायची नाही. मे १९८४ मध्ये बेपत्ता झालेले लान्स नायक चंद्रशेखर हरबोला ऑगस्ट २०२२ मध्ये, ३८ वर्षांनी, बर्फात सापडले. पट्टीवरच्या नंबरावरून त्यांची ओळख पटली आणि घरच्यांना त्यांचे अंत्यसंस्कार करता आले.

आजारी पडला तर हेलिकॉप्टर लगेच येतं का?

हवामान उघडं असेल तर येतं. चीता हेलिकॉप्टरचे वैमानिक तिथे जे करतात त्याला तोड नाही. सगळ्यात उंच हेलिपॅडवर हवा इतकी विरळ असते की एका खेपेला एक-दोन जेरीकेनइतकंच वजन नेता येतं. इंजिन बंद करत नाहीत. बर्फाला टेकलं, सामान टाकलं, आजाऱ्याला घेतलं आणि गेलं, मिनिटाच्या आत. पण वादळ कधी आठवडाभर उठत नाही, आणि तेव्हा पोस्टवर जे आहे त्यावरच भागवावं लागतं. प्रत्येक पोस्टवर प्रथमोपचार शिकलेला माणूस असतो आणि डॉक्टर वायरलेसवर सांगत राहतात. खाली नुब्रात फौजी रुग्णालय आहे. उंचीच्या आजारांवर तिथल्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे.

फोन लागतो का? लागला तर काय बोलावं?

माझ्या पहिल्या वेळेला पत्रच होतं, पत्ता '५६ एपीओ' (फौजेचं टपाल कार्यालय), आणि ते महिन्याने मिळायचं. नंतर सॅटेलाइट फोन आला. रांगेत उभं राहायचं आणि मोजकी मिनिटं मिळायची. आता खूप सुधारलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये १९,०६१ फुटांवर उपग्रहाद्वारे इंटरनेट सुरू झालं. तरीही वादळात सगळं बंद पडतं. आठ दिवस फोन नाही आला म्हणजे काही वाईट घडलं असं धरू नका.

कुठे आहेस, किती जण आहात, कधी खाली येणार, हे विचारू नका. तो सांगणार नाही आणि त्याला अवघडल्यासारखं होईल. त्याचे वर्दीतले फोटो जागेच्या नावासकट स्टेटसला लावू नका. बोला घरचं. पाऊस झाला का, कुणाचं लग्न ठरलं, पोराला दात आला. शेतीच्या वादाचं, कर्जाचं, सासू-सुनेच्या भांडणाचं त्या पाच मिनिटांत काढू नका. तो फोन ठेवून पहाऱ्यावर जातो आणि रात्रभर तेच डोक्यात घोळतं.

याचा अर्थ अडचणी लपवा असा नाही. बांधाचा वाद असेल, कुणी त्रास देत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्याच्या पल्टनीला अर्ज करा. कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितात, आणि तशा पत्राची दखल घेतली जाते. मी स्वतः हे पाहिलं आहे.

घरी कुणी गेलं तर तो येऊ शकतो का?

कळवा, लगेच कळवा. पल्टन शक्य ते सगळं करते. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, तातडीची रजा त्यातून देतात. पण दूरच्या पोस्टवरून बेस कॅम्पपर्यंत यायलाच कित्येक दिवस लागू शकतात. अंत्यविधी त्याच्यावाचून करावा लागला तर त्याच्याशी बोलताना त्याचा दोष वाटेल असं एक अक्षरही काढू नका. माझ्या बडीचे वडील गेले तेव्हा आकाश बंद होतं. त्याने तिथेच बर्फात दक्षिणेकडे तोंड करून पाणी सोडलं, आणि आम्ही सगळे त्याच्यामागे उभे होतो.

जाण्यापूर्वी कागदपत्रांचं काय करून ठेवावं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण महत्त्वाचा आहे. लग्न, मुलाचा जन्म यांची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने, म्हणजे फौजेच्या दप्तरात, झाली आहे का, हे त्याला विचारा. नातलग म्हणून कुणाचं नाव आहे, विम्यात आणि बँकेत वारस कोण, हे तपासा. लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि नोंद मात्र अजून आईच्याच नावाची, अशी घरं मी पाहिली आहेत. नंतर त्या सुनेला किती हेलपाटे घालावे लागतात ते विचारू नका. हे बोलणं अशुभ नाही.

पैसे जास्त मिळतात का?

हो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ पासून सियाचीन भत्ता जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) महिना ३०,००० रुपये, अधिकाऱ्यांना ४२,५०० रुपये असा ठरला. तो तिथे असेपर्यंतच मिळतो, तेव्हा त्या भरवशावर गाडीचा मोठा हप्ता काढू नका.

आता महिलाही तिथे असतात का?

जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान कुमार पोस्टवर, १५,६०० फुटांवर तैनात झाल्या. सियाचीनच्या पोस्टवर तैनात झालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. त्याच बॅटल स्कूलमध्ये तेच प्रशिक्षण घेऊन त्या वर गेल्या. नंतर महिला डॉक्टरही गेल्या.

पार्सलमध्ये काय पाठवू?

खाण्याचे डबे कमी पाठवा, ते वर पोहोचेपर्यंत किती हात आणि किती महिने लागतील सांगता येत नाही. पाठवायचंच असेल तर तिळाचे, डिंकाचे लाडू टिकतात, आणि ते सगळ्या पोस्टला पुरतील एवढे पाठवा, कारण तो एकटा खाणार नाही. लोणच्याला तर तोड नाही. बधिर झालेल्या जिभेला तेवढंच कळतं. पत्रं पाठवा, हाताने लिहिलेली. फोन संपतो, पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं. मुलीने काढलेलं एक चित्र आमच्या हटच्या भिंतीवर तीन महिने होतं आणि ते आम्हा सगळ्यांचंच झालं होतं.

परत आल्यावर तो वेगळा वागेल का?

काही दिवस वागेल. रात्री दचकून उठेल, छोट्या गोष्टी विसरेल, गर्दीत अस्वस्थ होईल, पंख्याचा आवाज नको म्हणेल. नळाखाली बराच वेळ नुसता हात धरून उभा राहील. त्याला घाईने पाहुण्यांकडे फिरवू नका आणि सत्कारही लगेच ठेवू नका. खाऊ द्या, झोपू द्या. साथीदार गमावला असेल तर तो कदाचित महिनाभर काही बोलणार नाही आणि एके दिवशी रात्री बोलायला लागेल, तेव्हा कुणीतरी जागं असावं. दोन-तीन महिन्यांनीही झोप आली नाही, चिडचिड वाढली, दारूकडे वळला, तर लष्करी रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे घेऊन जा.

तो सुखरूप खाली उतरला हे आम्हाला कसं कळणार?

तो बेस कॅम्पवरून फोन करेल. आवाज बसलेला असेल, मध्येच खोकेल, आणि जागेबद्दल तेव्हाही काही सांगणार नाही. पण बहुतेक पोरं एक वाक्य हमखास बोलतात, आणि मीही माझ्या आईला तेच बोललो होतो: बाबाला रिपोर्ट देऊन आलो.